दांडीवरची सीट

लिलाचे गुडघे गेले तेव्हा मी म्हणालो, हप्त्यावर एखादी स्कुटी घेऊ. ती म्हणाली, "पैसा काय झाडले लागतस?" विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

लिला माझी बायको. आशाताई आहे. गाव आणि सातपुड्याच्या पायथ्याचे दोन पाडे तिच्याकडे. बाळंतिणी, लसी, लहान पोरांची वजनं. रोजची सात-आठ किलोमीटरची पायपीट, तीही केळीच्या बागांमधल्या चिखलातून. ती नरडाण्याकडची. मी तिथल्या एका कारखान्यात फिटर होतो तेव्हा आमचं लग्न झालं. कारखाना बंद पडला आणि आम्ही माझ्या गावी आलो, फैजपूरपासून पाच किलोमीटरवर. त्याला बावीस वर्षं झाली, पण तिचं 'आहे'ला 'शे' म्हणणं काही सुटलं नाही. माझं नाव पितांबर. फैजपूरला सावदा रस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी जळतात, मी त्यांची तार पुन्हा भरून देतो. मोजल्याशिवाय मी बोलत नाही, ही माझी खोड आहे आणि लिला त्यावरून मला रोज टोमणे मारते.

आम्हाला मूल नाही. तीनदा राहिलं, तिन्ही वेळा पाचव्या महिन्याच्या पुढे गेलं नाही. हे मी एका दमात सांगतो, कारण दुसऱ्या दमात मला सांगता येत नाही. लिला दिवसभर दुसऱ्यांची पोरं काट्यावर ठेवून घरी यायची, ओट्यावर बसायची आणि बोलायची नाही. विचारलं तर "काही नही." एक दिवस नव्हे, एक वर्ष नव्हे. घरात भांडण परवडतं हो, ही गप्प बसणारी बाई परवडत नाही.

तर स्कुटी नाही. म्हटलं, बनवू.

तोताराम आबांच्या गोठ्यात गवत कापायचं मशीन गंजत पडलं होतं. दांडा मोडलेला, इंजिन शाबूत. आबांची तीस एकर केळी आणि कपाशी, त्यांना त्या डबड्याचं काय! "घेऊन जाय रे पितांबर, डोक्याला ताप झाला तो," म्हणाले. लुनाची टाकी, लुनाचं स्प्रॉकेट आणि ॲक्सिलेटरची केबल यावलच्या एका गॅरेजमागे मिळाली. इंजिन बसवायची पट्टी मी बागेतल्या ठिबकच्या जुन्या लोखंडी स्टँडमधून कापली. राहिली सायकल. ती मला भंगारवाल्या अभिमनकडे सापडली. काळी, बावीस इंची, फ्रेम सुतासारखी सरळ. चाकं गंजलेली, पण आऱ्या पुऱ्या. पाच हजारांच्या आत सगळं बसवायचं मी लिलाला कबूल केलं होतं, ते चार हजार सातशेत बसलं.

जुन्या सामानाचा आमच्या धंद्यात एक नियम आहे. आधीच्या मालकाचं नाव खरवडून काढायचं. आमच्याकडे चेनकव्हरवर नाव रंगवून घ्यायची हौस भारी. ते नाव तसंच ठेवलं तर उद्या कोणी म्हणेल, सायकल माझी आहे, चोरीची आहे. म्हणून मी न वाचताच पॉलिश पेपर घेतो आणि घासून टाकतो. याही वेळी तसंच केलं. नाव वाचायला हवं होतं.

दांडीवर लहान मुलाची सीट होती. लाल रेक्झिन, पिवळी किनार, एका बाजूला फाटलेलं आणि पांढऱ्या दोऱ्याने हाताने टाके घातलेले. ती मला काढायची होती. नटाला डिझेल लावून रात्रभर ठेवलं, हातोडीने ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर केला. पाना वाकला, नट हलला नाही. शेवटी म्हटलं, मरू दे, लिलाला पिशवी ठेवायला होईल.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सायकल सुरू झाली. दोन पायडल मारायची, मूठ पिळायची, की फर्रर्र! पंचवीसच्या वेगाने पळायची. लिला ओरडली, "ओ माय वो!" आणि गल्लीतून गेली ती थेट शाळेपर्यंत. परत आली तेव्हा तिचा पदर खांद्यावरून घसरला होता आणि ती हसत होती. किती वर्षांनी ते मी मोजलं नाही.

आठ-दहा दिवसांनी मला पुढचं चाक खटकलं. सायकलवर माणूस बसलं की भार मागे जातो, मागचा टायर दबतो. लिला बसली की पुढचाही दबायचा. म्हटलं, हवा कमी असेल. हवा भरली. ट्यूब काढून पाण्यात धरली, एक बुडबुडा नाही. मी बसलो की ठीक. ती बसली की टायर पुन्हा खाली. पेट्रोलही माझ्या हिशोबापेक्षा जास्त जात होतं. कारणाशिवाय इंजिन पेट्रोल पीत नाही.

आबांच्या बांधावर केळी तोलायचा सपाट काटा आहे. एका रविवारी कापणी नव्हती तेव्हा मी लिलाला सायकलसकट त्यावर चढवलं. सायकल एकतीस किलो, लिला चोपन्न. पंच्याऐंशी व्हायला हवेत. काट्याने अठ्ठ्याण्णव दाखवले. लिलाला उतरवून एकटी तोलली, चोपन्न. सायकल एकटी तोलली, एकतीस. सायकलवर मी बसलो, माझे बासष्ट धरून बरोबर त्र्याण्णव. पुन्हा लिला बसली. अठ्ठ्याण्णव.

"काटा पावसानं बिघडला," आबा म्हणाले आणि तंबाखू मळू लागले.

"किती जास्त शे?" लिलाने विचारलं.

"तेरा."

तिने हँडलवरचे हात सोडले नाहीत. दोन्ही कोपरं बाहेर काढून बसली होती. "तेरा किलो म्हणजे साडेतीन वर्सनी पोर," ती म्हणाली. "वजन चांगलं शे."

आबांचा तंबाखू मळायचा हात थांबला. माझ्या मनात पाल चुकचुकली, पण मी काटा पुसला, सायकल खाली घेतली आणि घरी येईपर्यंत काट्याच्या स्प्रिंगबद्दल बोलत राहिलो.

गावाला बोलायला काय लागतं! पिठाच्या गिरणीवरच्या मंदाबाईने मला अडवून विचारलं, "पितांबरभाऊ, लिलावहिनी सायकलवर कोणाशी गप्पा मारतात? मोबाईल तर दिसत नाही कानाला." मी म्हटलं, मोबाईल गळ्यात असतो. घरी आलो तर लिला भाजी निवडत होती आणि गुणगुणत होती. तिच्या हनुवटीखाली रुपयाएवढा निळा डाग होता.

"काय लागलं?"

"तुमी हसशाल."

"नाही हसणार."

"स्पीडब्रेकर उना का तिनं डोकं मनी हनुवटीले लागस," ती म्हणाली. मेथीची एक काडी मोडली. "तिले सांगस, खाली वाक. ऐकत नही. केस तेल लावाना जोगता शेतस."

मी हसलो नाही. मला राग आला. खरं सांगायचं तर भीती वाटली आणि ती मी रागात घातली, पुरुषाला ते सोपं जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेक्सा घेऊन अंगणात गेलो. नट निघत नाही ना, मग सीटचा पाइपच कापतो. दोनदा करवत ओढली असेल, तोच लिला दारात आली.

"कापा," ती म्हणाली. "पण मंग मले सांगू नका, का बोल, का हास. मी पहिले जशी व्हती तशीच बसेल ओट्यावर."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. मी हेक्सा घेऊन दुकानात गेलो आणि दिवसभर एकाच मोटारीची तार गुंडाळत बसलो. बावीस वर्षं त्या ओट्यावर मी काय पाहिलं होतं ते मला माहीत होतं. काट्याने काय दाखवलं तेही माहीत होतं. दोन्ही समोरासमोर ठेवली आणि मला ओटा जास्त भीतीचा वाटला.

त्या दिवशी संध्याकाळी मी पत्र्याचा एक तुकडा वाकवला, त्याला भोकं पाडली आणि सायलेन्सरवर जाळी बसवली. दांडीवरून पाय लोंबकळला तर उजव्या बाजूला पोटरी भाजेल अशी ती जागा होती. खाली दोन्ही बाजूंना पाय टेकवायला बोटभर लांबीचे दांडे वेल्ड केले. लिला बघत होती. मी म्हटलं, "नियम आहे तसा, सुरक्षेचा." ती म्हणाली, "हां हां, सरकारनी चिठ्ठी उनी व्हई तुमले."

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही काट्यावर जायला लागलो. आबांना सांगायचो, काटा तपासतोय. आबा काही विचारायचे नाहीत, त्या वेळी बागेच्या दुसऱ्या टोकाला निघून जायचे. सप्टेंबरमध्ये तेरा किलो तीनशे. दिवाळीनंतर साडेतेरा. थंडीत एक महिना काहीच वाढलं नाही तर लिलाचा जीव थोडा थोडा झाला. "सर्दी व्हई तिले," म्हणाली. मग संक्रांतीनंतर एकदम चौदा. वही माझ्याकडे आहे. मी एकटाही दरवेळी बसून बघायचो. माझ्या वेळी काटा सरळ असायचा, एक ग्रॅम इकडे तिकडे नाही. ती फक्त लिलाबरोबर यायची. मला त्याचं वाईट वाटायला लागलं होतं, हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नसतं.

आणि घर बदललं. लिला भांडायला लागली, मीठ जास्त झालं तर मलाच दोष द्यायला लागली, पाड्यावर कोणाच्या पोराने काय खोडी केली ते सांगताना हातवारे करायला लागली. आम्ही दोघं जेवायला बसलो की सायकल अंगणात दिव्याखाली उभी असायची. लिला तिच्याकडे तोंड करून बसायची.

एप्रिलच्या मध्यावर दुकानात एक माणूस आला. पस्तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, डोळे जागरणाचे. "पितांबरभाऊ तुम्हीच ना? मी हितेंद्र. चोपड्याहून आलो. अभिमनने तुमचं नाव सांगितलं." बसला, पाणी प्याला, आणि ग्लास हातात तसाच धरून राहिला. "गेल्या वर्षी तुम्ही त्याच्याकडून काळी सायकल घेतली. दांडीवर लाल सीट होती."

मी पाना उचलला.

त्याची मुलगी साक्षी. साडेतीन वर्षांची. तापाने गेली, तीन दिवसांत. दीड वर्ष झालं. त्याची बायको कामिनी रोज संध्याकाळी त्या सायकलपाशी जाऊन उभी राहायची, सीटवर हात ठेवून. त्याला ते बघवेना. ती माहेरी गेली असताना त्याने सायकल भंगारात घातली. वाटलं, डोळ्यांआड होईल तर विसरेल. "विसरली नाही भाऊ. जेवायचीच राहिली. घास तोंडात धरून बसते. आता आखाजी आली. गल्लीत सगळ्यांच्या लेकी माहेरी येतील. ती म्हणते, माझी सीट तरी आणून द्या." त्याने ग्लास खाली ठेवला. "सायकल नको मला. फक्त सीट. काय लागतील ते देतो."

आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय तृतीया. आम्ही बौद्ध, घरी सण करत नाही, पण खान्देशात राहून आखाजी काय असते ते कोणाला सांगावं लागत नाही. झाडाझाडाला झोके बांधतात आणि लग्न होऊन गेलेली लेक त्या दिवसाला आईच्या दारात आलीच पाहिजे. नाही आली तर आई दिवसभर रस्त्याकडे बघत बसते.

सायकल लिलाकडे होती, पाड्यावर. त्याच्या नजरेला पडली नव्हती.

"नाही हो," मी म्हणालो. "ती सीट मी तेव्हाच काढून फेकली. आता कुठली सापडते."

तो माझ्याकडे बघत राहिला, मग मान हलवली, नंबर लिहून ठेवला आणि गेला. पाठमोरा दिसत होता तोवर मी हातातला पाना पुसत होतो.

चोराच्या मनात चांदणं. घरी मी नको तितका गोड बोललो, न सांगता पाणी भरलं, लिलाच्या गुडघ्याला तेल लावायला बसलो. तिने पाय मागे घेतला. "काय करीसन उनात?" तिने विचारलं. म्हणजे, काय करून आलात? मी सगळं सांगितलं. मुलीचं नावसुद्धा.

लिलाने तेलाची वाटी बाजूला सारली. जुनी गप्प बसणारी बाई परत आली की काय, म्हणून मी घाबरून तिच्याकडे बघत होतो. मग ती तोंडातल्या तोंडात म्हणाली, "साक्षी." आणखी एकदा म्हणाली. "मी तिले नुसती बाई म्हनू. नाव माहीत नव्हतं."

"आपण नाही म्हटलंय त्याला. झालं ते झालं."

"चोपडं किती किलोमीटर शे?"

"साठ. लिला, ती गेली तर..."

"माय वाट दखी ऱ्हायनी तिनी," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावला. "तीन येळा मी वाट दखेल शे. मले इचारा."

आखाजीच्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. आदल्या दिवशी मी हितेंद्रला फोन करून फक्त एवढं सांगितलं होतं, सीट सापडली, घेऊन येतो. लिला चालवणार, कारण साक्षी तिच्याच पुढ्यात बसते. मी मागे कॅरियरवर. नवरा बायकोच्या मागे डबलसीट बसलेला बघून यावलच्या चौकात पोरांनी शिट्ट्या मारल्या. मारू दे. इंजिन तापायचं म्हणून किनगावला थांबलो, धानोऱ्याला थांबलो, अडावदला थांबलो. प्रत्येक ठिकाणी लिला सावली बघून सायकल उभी करायची आणि दांडीवर ओला रुमाल धरायची. मी मागून बघत होतो. स्पीडब्रेकर दिसला की ती आधीच हनुवटी वर उचलायची. साठ किलोमीटरमध्ये एकदाही चुकली नाही.

हितेंद्रचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्या आणि अंगणात निंब. निंबाला नवा झोका बांधलेला. शेजारच्या अंगणांतून बायकांची गाणी ऐकू येत होती, हसणं, बांगड्या. या अंगणात कोणी नव्हतं.

कामिनी बाहेर आली. अंगावर नवं लुगडं, हाडं त्यातून दिसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, लिलाकडेही नाही. लिला अजून सायकलवरच बसलेली, दोन्ही पाय टेकवून. कामिनी जवळ आली आणि तिने सीटच्या वर, हवेत, आडवा तळहात धरला.

मग थोडा वर नेला. आणखी थोडा. लिलाच्या हनुवटीच्या खाली येऊन हात थांबला.

"एवढी झाली?" तिने विचारलं.

मी त्या घरात कोणाला काहीही सांगितलं नव्हतं.

"चौदा किलो आठशे," लिला म्हणाली. "स्पीडब्रेकर आवडतस तिले."

"आधीपासूनच." कामिनीचा आवाज फाटला. "पप्पांना म्हणायची, जोरात घ्या."

हितेंद्र वळला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मी पिशवीतून पाइप, पाना, हातोडी काढली. लिलाने पाना घेतला, नटाला लावला आणि मनगट फिरवलं. नट फिरला. लोण्यात फिरावा तसा. सीट हातात आली. कामिनीने ती छातीशी धरली आणि झोक्याकडे निघाली. लिला तिच्याबरोबर चालली. तिचा डावा हात शरीरापासून थोडा लांब होता, खाली, बोटं अर्धवट मिटलेली. रस्ता ओलांडताना बाई तसा पोराचा हात धरते.

झोक्यापाशी लिला वाकली. काहीतरी बोलली. मग बोटं उघडली.

दोरीला ताण आला.

सैल दोरी कोणती आणि भार घेतलेली कोणती, ते मला लांबूनही कळतं. वर फांदीवरची गाठ आवळली गेली, करकरली. कामिनी मागून हलकेच ढकलत होती. वारा अजिबात नव्हता.

मग आम्ही जेवलो. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. कामिनीने एक पोळी खाल्ली आणि दुसरी मागून घेतली. हितेंद्रने ती वाढली आणि वाटीत आमरस ओतला. लिला कामिनीकडे बघून म्हणाली, "खाय बेटा, खाय." लिला स्वतः काही जेवली नाही.

निघताना कामिनीने फडक्यात पोळ्या बांधून दिल्या. "लेकीला रिकाम्या हाताने पाठवू नये," म्हणाली. लिला तिच्याहून वीस वर्षांनी मोठी. मला वाटलं, दुःखातलं माणूस आहे, काहीही बोलतं. सीट आतल्या खोलीत तिच्या उशाशी ठेवली होती, ती मी दारातून पाहिली.

परतताना मी चालवत होतो. लिला मागे. किनगाव मागे पडलं. मग माझ्या पाठीला डोकं लावून रडायला लागली, आवाज न करता, पण मला सगळं कळत होतं. हाताशी आलेलं लेकरू आपणच नेऊन दिलं होतं. यावलला एसटी स्टँड आला तशी म्हणाली, "थांबा. गुडघा दुखी ऱ्हायना. मी एसटीवर येस." गुडघा दुखत नव्हता. तिला त्या सायकलवर बसवत नव्हतं. फैजपूरची गाडी लागलेली होती, मी तिला खिडकीशी बसवून दिलं. पोळ्यांचं फडकं तिने मांडीवर घेतलं.

मी एकटा निघालो. पाच वाजले होते. मे महिन्याचं ऊन, रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दोन्ही बाजूंना केळी, पानं करपलेली. बासष्ट किलोचा मी आणि सीटशिवाय हलकी झालेली सायकल. रस्ता सपाट. इंजिनाने पळायला हवं होतं.

हिंगोण्याच्या अलीकडे ते ओढायला लागलं.

आवाज खाली बसला, वेग पडला. उतरलो. चेन पाहिली, ठीक होती. ब्रेक घासत नव्हता. क्लच ठीक. मी हँडल धरून बाजूला उभा, सायकलवर कोणी नाही, कॅरियरवर काही नाही.

मागचा टायर बोटभर दबलेला होता. लेकीला रिकाम्या हाताने पाठवू नये, हे कामिनी लिलाला म्हणालीच नव्हती.

दहा महिने मी एकटा काट्यावर चढलो होतो. एकदाही काही झालं नव्हतं. ती माझ्याबरोबर कधी आली नव्हती. आणि मीही तिच्याशी एक शब्द कधी बोललो नव्हतो. जाळी बसवली, दांडे वेल्ड केले, वहीत वजनं लिहिली, पण बोललो नव्हतो.

मी पुन्हा बसलो. बसताना पाय मागून नेला नाही, पुढून घातला, कोणाला लागू नये म्हणून.

"पुढे खड्डे आहेत," मी म्हणालो. "नीट धर गं साक्षी."

मूठ पिळली, सायकल निघाली.

मग शर्ट मागून ताणला गेला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. आणि त्या उन्हात, दोन खांद्यांच्या मधोमध, लहान गालाएवढी एक जागा गार पडली. घर येईपर्यंत ती तशीच गार राहिली.